इंग्रज गेले, मग दुसऱ्या दिवशी कचेरी कोणी उघडली?



आठवीच्या वर्गावर स्वातंत्र्यलढ्याचा भाग संपला की मी फळ्यावर एक तारीख लिहितो. १६ ऑगस्ट १९४७. १५ नव्हे, १६. आणि विचारतो, या दिवशी काय झालं? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "सर, सुट्टी होती काय?" मी सांगतो, शनिवार होता. "मंग सकाळची शाळा असंन," असं उत्तर येतं आणि सगळे हसतात.

हसण्यावारी नेलं तरी प्रश्न खरा आहे. इंग्रज गेले. मग शनिवारी सकाळी तहसील कचेरी कोणी उघडली? शेतसारा कोणाच्या नावानं भरला? कोर्टात ज्याची तारीख होती त्यानं कोणत्या कायद्यानं न्याय मागितला? पुस्तकात याचं उत्तर नाही असं नाही. नागरिकशास्त्राच्या भागात ते तुकड्या-तुकड्यांनी आहे. पण इतिहास आणि नागरिकशास्त्र यांच्यामध्ये आपण अशी काही भिंत घातली आहे की इतिहासाच्या तासाला राज्य मोडतं आणि नागरिकशास्त्राच्या तासाला सरकार आपोआप उभं असतं. मधलं बांधकाम मुलांना दिसतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे बांधकाम शिकवल्याशिवाय स्वातंत्र्याचा धडा पुरा होत नाही. आणि आपल्या रिसोड भागाइतकं ते शिकवायला सोपं ठिकाण दुसरं क्वचितच असेल. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

सुरुवात मी मुद्दाम अमेरिकेपासून करतो. आपल्या लढ्याबद्दल मुलांकडे पाठ केलेली उत्तरं तयार असतात, अमेरिकेबद्दल नसतात. त्यामुळे ती प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न दरवर्षी तोच: "सर, ते तर इंग्रजच होते ना? मंग इंग्रजाशी काहून भांडले?" हा प्रश्न मला फार आवडतो. भाषा तीच, धर्म तोच, राजा तोच, आजे-पणजे त्याच देशातले. तरी भांडण झालं, कारण कर कोणी बसवायचा हा मुद्दा होता. १७६५ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटनं स्टॅम्पचा कायदा केला. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, अगदी खेळायचे पत्तेसुद्धा शिक्क्याच्या कागदावर हवेत, आणि त्या शिक्क्याचे पैसे सरकारला. मुलांना स्टॅम्पपेपर माहीत असतो. तहसीलच्या आवारात बाबांबरोबर जाऊन आलेली असतात. "तो तर आताबी लागते," असं ती म्हणतात. बरोबर आहे, लागतो. मग फरक काय? त्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही माणूस नव्हता. कर जड होता म्हणून नव्हे, तर ज्यांना आम्ही निवडलं नाही त्यांनी तो बसवला म्हणून तक्रार होती. स्टॅम्पपेपर तोच, पण तो कोणी ठरवला यावर सगळं फिरलं. हे एकदा मुलांच्या डोक्यात बसलं की पुढचं अर्धं काम झालं.

१७७६ ची घोषणा, लढाई, १७८३ चा पॅरिसचा तह, हे मी भरभर सांगतो. गाईडांत पाच कारणं आणि पाच परिणाम तयार असतातच. मी थांबतो ते त्याच्या पुढे. तेरा वसाहतींनी राजा घालवला, पण राजाच्या भीतीनं त्यांनी मध्यवर्ती सरकार इतकं दुबळं केलं की त्याला कर बसवायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे, दिले तर दिले. लढलेल्या सैनिकांचे पगार थकले, हातात कागदी वचनं आली, ती कवडीमोलानं विकली गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र राज्य सरकारनं रोखीत कर मागितला. शेतकऱ्यांकडे रोख नव्हती. सावकार कोर्टात गेले, जमिनी-जनावरांवर जप्ती येऊ लागली. मग १७८६ मध्ये डॅनियल शेज नावाचा, त्याच स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन राहिलेला शेतकरी आणि त्याच्यासारखे शेकडो लोक उठले आणि त्यांनी कोर्टच बंद पाडली. खटला उभाच राहिला नाही तर जप्ती कशी येणार?

इथं वर्गात वेगळीच शांतता होते. कर्ज, जप्ती, कोर्टाची नोटीस हे शब्द आपल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. आपल्याकडेही १८७५ मध्ये पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली होती, तेही मी जोडून देतो. फरक असा की आपल्याकडे ते इंग्रजांच्या राज्यात झालं आणि तिकडे स्वतःच्या राज्यात, स्वातंत्र्य मिळून तीन वर्षं झाल्यावर. शेजचा उठाव मोडला गेला. तो मोडायला मध्यवर्ती सरकारकडे पैसा नव्हता, बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. या प्रकारानं सगळे घाबरले, आणि १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात दारं-खिडक्या बंद करून ५५ प्रतिनिधी नवी घटना लिहायला बसले. त्यांनी जे लिहिलं ते टिकलं. पण त्यात गुलामांना मत नव्हतं. उलट प्रतिनिधी किती हे मोजताना एक गुलाम म्हणजे तीन-पंचमांश माणूस धरला गेला. बायका नाहीत, मूळ रहिवासी नाहीत. "आम्हाला विचारल्याशिवाय कर नको" म्हणणाऱ्यांनी कितीतरी लोकांना विचारलंच नाही. हे सांगायला कचरू नये. मुलं त्यावर चांगली चिडतात.

आता आपल्याकडे येऊ.

रिसोडचं मुलं साधारण एवढंच सांगतात: आधी इंग्रज होते, मग स्वातंत्र्य. पण वऱ्हाडचं प्रकरण इतकं सरळ नाही. कायद्याच्या भाषेत १८५३ नंतरही आपला मुलूख निजामाचाच होता. निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांखाली एक फौज ठेवली होती, हैदराबाद कंटिन्जंट. तिचा खर्च थकत गेला, बाकी वाढत गेली, आणि डलहौसी गव्हर्नर जनरल असताना १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूर दुआब कंपनीकडे लावून दिला. उत्पन्नातून फौजेचा खर्च भागवायचा. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत गेले, वऱ्हाड राहिलं. कापसाचा मुलूख, इंग्रज तो कशाला सोडतील? आणि ही फौज होती कुठे? तिची एक छावणी होती आपल्या शेजारी, हिंगोलीला. मुलांना हे सांगितलं की ती चमकतात. हिंगोली म्हणजे त्यांच्या मामाचं गाव, बहिणीची सासुरवाडी. तिथल्या फौजेचा पगार भागावा म्हणून आपल्या पणजोबांच्या पणजोबांचा सारा कंपनीकडे गेला.

निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावं म्हणून खूप खटपट केली, त्यासाठी विलायतेपर्यंत गेले, पण जमलं नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं प्रकरण कायमचं मिटवलं: वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं, वर्षाला २५ लाख रुपये निजामाला. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं आणि 'मध्यप्रांत व वऱ्हाड' झालं. १९०५ मध्ये आपला वाशिम जिल्हाही मोडला आणि आपला भाग अकोल्यात गेला, जिल्हा परत व्हायला १ जुलै १९९८ उजाडलं. १९३६ च्या करारात निजामाचं वऱ्हाडवरचं नाममात्र स्वामित्व पुन्हा मान्य झालं आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. म्हणजे १९४७ पर्यंत आपल्याला एक युवराजही होता! वऱ्हाड कागदोपत्री ब्रिटिश इंडियात नसल्यामुळे तिथले कायदे इथं थेट लागू होत नसत, वेगळ्या हुकुमानं लागू करून घ्यावे लागत.

हे सगळं मी एका शब्दात सांगतो: मक्ता. शेत मक्त्यानं देणं मुलांना माहीत आहे. मालक एक, करणारा दुसरा, वर्षाचे पैसे ठरलेले. "आपलं वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखाच्या मक्त्यानं दिलं होतं," असं म्हटलं की चित्र डोळ्यापुढे उभं राहतं. गेल्या वर्षी एका मुलीनं लगेच विचारलं, "सर, मंग आपल्याले कोणी इचारलं का?"

नाही. १८५३ ला नाही, १८६० ला नाही, १९०२ ला नाही, १९३६ लाही नाही. शेताला कोणी विचारतं का, तू कोणाकडे जातेस? फिलाडेल्फियावाल्यांची तक्रार आणि आपली तक्रार इथं एक होते. मला वाटतं, स्वातंत्र्य म्हणजे काय हे या एका उदाहरणातून जितकं कळतं तितकं दहा घोषणांतून कळत नाही. विदर्भातल्या चिमूर-आष्टीचं बलिदान शिकवायलाच हवं, मी शिकवतो. पण ज्याच्या विरुद्ध ते झालं ती व्यवस्था काय होती, हे कळलं नाही तर मुलांना फक्त गोळीबार आठवतो.

आता दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १५ ऑगस्ट १९४७ ला रिसोडला तिरंगा चढला. शेजारच्या सेनगाव-हिंगोलीत चढला नाही. तो निजामाचा परभणी जिल्हा. त्याच दिवशी हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. तिकडचं स्वातंत्र्य आलं १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिन्यांनी. माती तीच, पैनगंगेचं खोरं तेच, तूर-कापूस-ज्वारी तीच, सोयरिकी एकमेकांत. आणि मध्ये राज्याची सीमा. तिकडे हाली सिक्का, इकडे कलदार रुपया. सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव. माल नेताना करोडगिरीचा नाका. मुलांना मी सांगतो, समजा तुमची मावशी सेनगावला आहे आणि तुम्ही तिच्याकडे तुरीची पिशवी घेऊन निघालात, तर नाक्यावर जकात. ते ऐकून ती म्हणतात, "हे तर पाकिस्तानच्या बॉर्डरसारखं झालं सर."

त्या तेरा महिन्यांत तिकडे काय झालं ते घराघरांत सांगितलं जातं. रझाकारांचे हल्ले, लूट, माणसं सीमा ओलांडून वऱ्हाडात आसऱ्याला. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडला मुक्तिसंग्रामातल्या लोकांचा कॅम्प होता. तो इतिहास आता मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला सांगितला जातो, आणि सांगायलाच हवा. पण आणखी एक गोष्ट आपण टाळतो. १३ ते १७ सप्टेंबरला भारतीय फौजा आल्या, निजामाचं सरकार पडलं. जुनं पडलं आणि नवं अजून बसलं नाही, अशा त्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि आसपास अनेक गावांत मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असे लोकही मारले गेले. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं याचा अहवाल दिला. मृतांचा कमीत कमी अंदाज २७ ते ४० हजार असा त्यात आहे. कित्येक वर्षं तो अहवाल लोकांसमोर आलाच नाही.

काही सहकाऱ्यांचं मत असं की हे आठवीच्या वर्गात कशाला? आपल्या वर्गात दोन्हीकडची मुलं शेजारी-शेजारी बसतात, उगाच कटुता. त्यांची काळजी मला समजते. पण मुलं हे घरी ऐकतातच, फक्त प्रत्येक घरी अर्धं ऐकतात. शाळेनं पूर्ण सांगितलं नाही तर दोन अर्धे इतिहास आयुष्यभर एकमेकांशेजारी बसतील. शिवाय माझ्या विषयाच्या दृष्टीनं हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे. राज्य मोडणं आणि राज्य बसवणं यांच्यातली पोकळी किती भयंकर असते, हे यापेक्षा जवळून कुठं दिसणार? अमेरिकेत त्या पोकळीत शेजचा उठाव झाला, आपल्या शेजारी हे झालं.

तिकडे मग सरकार कसं बसलं? आधी लष्करी गव्हर्नर, जनरल जे. एन. चौधरी. मग १९५० मध्ये नेमलेले मुख्यमंत्री वेल्लोडी, सनदी अधिकारी. लोकांनी निवडलेलं सरकार आलं ते १९५२ मध्ये, बी. रामकृष्णराव यांचं. म्हणजे निजाम गेल्यापासून मतदानाचं सरकार यायला साडेतीन वर्षं लागली. मधल्या काळात जहागिऱ्या रद्द झाल्या, कुळकायदा आला. आपल्याकडे मध्यप्रदेश सरकारनं १९५० च्या कायद्यानं मालगुजारी आणि इजाऱ्यासारखे मालकी हक्क काढून घेतले. हे बांधकाम आहे. यात घोषणा नाहीत, गोळीबार नाही, म्हणून यावर समूहगीत बसवता येत नाही आणि म्हणून स्नेहसंमेलनात ते येत नाही.

रिसोड आणि सेनगाव पुन्हा एकाच राज्यात आले कधी? १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मध्यप्रदेशातून आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबादेतून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपल्या शाळेच्या पाटीवर 'जिल्हा परिषद' असं लिहिलेलं असतं, ते शब्द तिथं कसे आले याचं उत्तर या ओळीत आहे. मी मुलांना मैदानात नेऊन पाटी वाचायला लावतो. रोज वाचतात, पण त्या दिवशी नीट वाचतात.

बांधकाम आधी आणि मोडणं नंतर, असंही एकदा महाराष्ट्रात झालं. साताऱ्याचं प्रतिसरकार. क्रांतिसिंह नाना पाटील, किसन वीर, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड यांची नावं मुलांना येतात. शेणोलीला रेल्वे लुटली, धुळ्याकडचा खजिना लुटला हेही येतं. पण १९४३ पासून १९४६ पर्यंत त्या लोकांनी शेकडो खेड्यांत केलं काय? न्यायदान मंडळं काढली, गावातले तंटे गावात मिटवले. दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, दारू बंद केली, ग्रंथालयं काढली, थोड्या खर्चात गांधी विवाह लावले. इंग्रजांचं राज्य चालू असतानाच लोकांनी त्याच्याकडे जाणं सोडलं, कारण त्यांच्याकडे दुसरं होतं. त्यांच्या शिक्षा कडक होत्या, तळपायावर मारायच्या, त्यावरून विरोधकांनी 'पत्री सरकार' असं नाव पाडलं. आज कोणी असा न्याय केला तर आपण मान्य करणार नाही. वर्गात यावर मी चर्चा ठेवतो: पोलीस, वकील, अपील काही नसताना न्याय करायचा तर कसा करायचा? मुलं पाच मिनिटांत अपिलाची गरज स्वतःच शोधून काढतात. "एकानं चुकीचं सांगितलं तर दुसऱ्याकडं जाता आलं पाह्यजे." घटनेतली न्यायव्यवस्था यापेक्षा सोपी कशी शिकवायची?

आणि शेवटी संविधान सभा. ९ डिसेंबर १९४६ ला पहिली बैठक, २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं. दोन वर्षं, अकरा महिने, अठरा दिवस हे मुलांना पाठ असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष हेही. वऱ्हाडातून तिथं कोण होतं ते मात्र माहीत नसतं. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख होते, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते. मक्त्यानं दिलेल्या मुलखाची माणसं पहिल्यांदा ठरवणाऱ्यांत बसली. एक खोच आहे. या सभेचे बहुतेक सदस्य प्रांतांच्या विधानसभांनी निवडले होते, आणि त्या विधानसभांना मत देण्याचा हक्क मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटींवर थोड्याच लोकांना होता. त्या थोड्यांनी निवडलेल्यांच्या प्रतिनिधींनी सगळ्यांना मत दिलं. २१ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक बाईला, प्रत्येक पुरुषाला, भूमिहीनाला, सही न येणाऱ्याला. फिलाडेल्फियात जे झालं नाही ते इथं एका झटक्यात झालं.

१९५१-५२ ची पहिली निवडणूक मी गोष्टीसारखी सांगतो. सतरा कोटींच्या वर मतदार. वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्हं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. आणि मतदार यादी करताना कितीतरी बायका स्वतःचं नाव सांगेनात, 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' असंच सांगत. शेवटी देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. हे ऐकल्यावर मुली एकमेकींकडे बघतात. नाव सांगणं हेसुद्धा सरकार बांधण्याचं काम होतं, हे त्यांना कळतं.

राहता राहिला फळ्यावरच्या १६ ऑगस्टचा प्रश्न. कचेरी कोणी उघडली? बहुधा त्याच शिपायानं, त्याच किल्लीनं. कारकून तोच, शिक्के तेच, कायदे बरेचसे तेच. आपल्या संविधानाच्या ३७२ व्या कलमानंही जुने कायदे बदलले जाईपर्यंत चालू ठेवले. काही मुलांना हे ऐकून निराशा वाटते. "मंग बदललं काय?" असं विचारतात. सगळं एकदम मोडलं असतं तर शनिवारी कोर्टात तारीख असणाऱ्या माणसाचं काय झालं असतं, असं मी उलट विचारतो. काहींना ते पटतं, काहींना नाही पटत. एका मुलानं मला सांगितलं होतं की जुना कारकून ठेवायलाच नको होता, तो इंग्रजांचाच माणूस. त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे. ज्यांनी चाळीसच्या दशकात आंदोलकांच्या जप्त्या केल्या त्यांच्याच हातात पुढे दाखले काढायला जावं लागलं, हा अनुभव कितीतरी घरांत असेल. सरकार म्हणजे 'ते', आपण नव्हे, ही आपल्याकडची भावना कदाचित तिथूनच इतकी टिकली. मी यावर वर्गात निकाल देत नाही.

अभ्यासक्रम मोठा आहे, तास कमी आहेत, परीक्षेत हे येत नाही, हे सगळं खरं. मी यासाठी जास्तीचे चार तास घेतो, त्यांतले दोन चित्रकलेचे असतात, त्या सरांचे आभार. पहिल्या तासाला स्टॅम्प आणि शेज. दुसऱ्याला मक्ता. तिसऱ्याला सेनगाव. चौथ्याला मुलं स्वतः एक तक्ता भरतात: काय मोडलं, मध्ये किती दिवस गेले, काय बांधलं, कोणाला विचारलं, कोणाला नाही. अमेरिका, वऱ्हाड, हैदराबाद, सातारा, अशा चार आडव्या ओळी. शेवटचा रकाना भरताना सगळ्यात जास्त भांडणं होतात. भटक्या जमातींना कोणत्या ओळीत लिहायचं यावर गेल्या वर्षी तास संपला तरी निकाल लागला नव्हता.

सोबत एक गृहपाठ देतो. घरात कोणी नव्वदीच्या पुढचं असेल, विशेषतः सीमेपलीकडून लग्न होऊन आलेली आजी, तर तिला विचारायचं: करोडगिरीचा नाका कुठे होता, हाली पैसा पाहिला का, पहिलं मत कुठे दिलं. गेल्या वर्षी सदतीस मुलांपैकी चौघांना असं कोणी सापडलं. त्यांतल्या एका आजीनं नातवाला सांगितलं की पहिल्या मतदानाला ती गेली होती, पण पेटीवरचं चिन्ह तिनं आठवणीत ठेवलं नाही, फक्त यादीवाल्यानं तिला स्वतःचं नाव विचारलं होतं ते आठवतं. यंदा मी गृहपाठ दिवाळीच्या सुट्टीच्या आधीच देणार आहे. तुमच्या शाळेत असं कोणी सांगणारं असेल तर तुम्हीही उशीर करू नका.